जनरेटरची खंडेनवमी

टॉवर बंद पडला की लोक आधी कंपनीला शिव्या देतात, मग सरकारला, आणि शेवटी हातातल्या मोबाइललाच दोन चापट्या मारतात. मला या तिन्हींची सवय आहे. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एका इमारतीत, भर दुपारीही दिवे लावून बसावं लागतं अशा एका खोलीत, मी मोबाइल टॉवरांची वीज सांभाळते. सांभाळते म्हणजे पडद्यावर बघत बसते. होसकोटेच्या पलीकडं माळांवर आणि टेकड्यांवर जे टॉवर उभे आहेत, त्यांची लाइन आहे की गेली, बॅटरी किती उरली, जनरेटर चालू झाला की नाही, हे सगळं आमच्यासमोर हिरव्या, पिवळ्या आणि लाल ठिपक्यांत दिसतं. हिरवा म्हणजे बरं चाललंय. पिवळा म्हणजे लक्ष असू द्या. लाल म्हणजे चहाचा कप तिथंच ठेवा आणि फोन उचला.

गणित तसं सोपं आहे. लाइन गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी उतरायला लागली की जनरेटर आपोआप सुरू होतो. फक्त त्यासाठी जनरेटरचं बटण 'ऑटो'वर असावं लागतं. सगळी मेख तिथंच आहे. टॉवर बंद पडला की वाऱ्या-पावसाच्या नावानं बिल फाडायची रीत आहे, पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा कारण माणूसच निघतो. कुणीतरी तेल बदलायला जनरेटर बंद केलेला असतो आणि बटण पुन्हा ऑटोवर आणायचं राहून गेलेलं असतं. कुणी डिझेल उद्यावर ढकललेलं असतं. सगळं टाळता येण्यासारखं. विसरलेल्या माणसांना आठवण करून देणं ही आमची अर्धी नोकरी. घरात आई जे काम फुकट करते तेच, आम्हाला त्याचा पगार मिळतो एवढंच.

माझा थोरला भाऊ या कामात आला तो माझ्यामुळं. त्याला सगळे अण्णा म्हणतात, मीही. आमचं घर मराठी, पण बेंगळुरूत इतक्या पिढ्या गेल्या की घरातली मराठी अर्धी कानडीत भिजलेली. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, शिवाजीनगरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी, पंप, पिठाच्या गिरण्यांची यंत्रं, सगळं तिथं यायचं आणि तांब्याची नवी तार गुंडाळून परत जायचं. मी शिकले, अण्णा दुकानात बसला. त्याबद्दल त्याला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. यंत्र सुरू झालं की तो त्याच्या अंगावर तळहात ठेवून डोळे मिटायचा. वहिनी म्हणायच्या, "माझा ताप बघताना सुद्धा इतकं मन लावून हात ठेवत नाहीत."

पुढं लोक जळालेली मोटार फेकून नवी घ्यायला लागले आणि दुकान बसलं. तेव्हा आमच्या टॉवरांचे जनरेटर सांभाळणाऱ्या कंत्राटदाराकडं मी अण्णासाठी शब्द टाकला. त्याला होसकोटेच्या पुढचे टॉवर मिळाले. मोटारसायकलवर पेटी बांधून तो दिवसभर टेकड्या चढायचा आणि खूश असायचा. आमच्या खोलीत फोन करून मोठ्या आवाजात "मॅडम, साइट ओके" म्हणायचा, आणि मग हळूच, "वहिनीनं मेथीची भाजी केलीय, येताना घेऊन जा की." आमच्या कंट्रोल रूमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात, हे मी त्याला शंभरदा सांगितलं होतं. "होऊ दे की," तो म्हणायचा, "मेथीच आहे, चोरीचा माल नाही." त्याचे टॉवर क्वचितच बंद पडायचे. खोलीतली मुलं म्हणायची, मॅडमच्या अण्णांकडं बघायलाच नको. मला त्याचा गर्व होता, आणि तो लपवायची मी फारशी तसदी घेतली नाही.

आता खंडेनवमीबद्दल सांगायला हवं. बेंगळुरूत तिला आयुधपूजा म्हणतात आणि दिवाळीपेक्षा तिचा थाट मोठा. त्या दिवशी बस, रिक्षा, लेथ, शिलाई मशीन, सगळ्यांना झेंडूचे हार. चाकांखाली लिंबं, रस्त्यावर फोडलेले कोहळे, आणि दुपारनंतर त्या कोहळ्यांवरून घसरणाऱ्या स्कूटर. ऑफिसात संगणकांना कुंकू लागतं आणि चुरमुरे-डाळ्यांची पुडी प्रत्येक टेबलावर येते. टॉवरांवरही पूजा होते. जनरेटर धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, उदबत्ती ओवाळायची. उदबत्ती ओवाळताना यंत्र अचानक सुरू होऊ नये म्हणून तेवढ्यापुरतं बटण 'ऑफ'वर, आणि आरती झाली की परत ऑटोवर. त्यामुळं त्या दिवशी आमचा पडदा सकाळपासून पिवळ्या ठिपक्यांनी भरून जातो. 'जनरेटर ऑटोवर नाही', 'जनरेटर ऑटोवर नाही'. आम्हीही त्यांच्याकडं हळदीचे ठिपके म्हणून बघतो. थोड्या वेळानं ते आपोआप हिरवे होतात.

अप्पांची रीत मात्र वेगळी होती. ते आरतीपुरतं बंद करण्यावर थांबत नसत. हातोडीपासून वाइंडिंगच्या चक्रापर्यंत सगळं पाटावर मांडून झालं की ते दुकानाचा मेन स्विच खाली ओढायचे, आणि तो दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा झाल्यावरच वर जायचा. "वर्षभर आपण त्यांच्याकडून राबवून घेतो," म्हणायचे, "एक दिवस त्यांना निजू द्यावं." एकदा एका हॉटेलवाल्याचा पंप अडला आणि तो हातापाया पडायला आला, तर अप्पांनी त्याला स्वतःच्या घरच्या विहिरीचं पाणी भरून दिलं, पण स्विच वर केला नाही. टॉवरांची नोकरी लागल्यावर अण्णानं ही रीत सोडली. टॉवरला निजवता येत नाही, हे त्याला कळत होतं. साइटवर आरतीपुरतं बंद, आणि घरी अप्पांच्या पाटासमोर दिवसभराची विश्रांती, अशी त्यानं वाटणी करून घेतली होती. अप्पा असेपर्यंत ती बिनबोभाट चालली.

मग एका उन्हाळ्यात अप्पा गेले. वर्ष व्हायचं होतं, त्यामुळं घरात सण नाही. गणपती नाही, नवरात्र नाही, आणि अर्थातच खंडेनवमी नाही. अप्पांची हत्यारं कपड्यात बांधून कपाटावर ठेवली होती. आपल्याकडं दुःखाचे नियम असे पक्के असतात, की ज्याच्यासाठी दुःख करायचं त्याची सगळ्यात आवडती गोष्टच त्या वर्षी बंद ठेवावी लागते. मला त्याचं काही वाटलं नाही. घरात सण नाही तर मी ड्यूटी घेते म्हटलं, ज्यांच्या घरी पूजा आहे ती मुलं जातील. खोलीत मी आणि आणखी दोघं होतो. पडदा नेहमीसारखा पिवळा झाला. त्या पिवळ्यात अण्णाचा एका टेकडीवरचा टॉवरही होता. तो मी पाहिला असेल किंवा नसेल, मला खरंच आठवत नाही. त्या दिवशी पिवळ्याकडं कुणीच बघत नसे.

दुपारी टेकडीची लाइन गेली. खालच्या गावाजवळ तारेवर झाडाची फांदी पडली होती, आणि लाइनमनही सणाला आपापल्या घरी. लाइन जाणं हे काही आभाळ कोसळणं नाही. बॅटरी होती, मग जनरेटर होता. मी निवांत चुरमुरे खात होते. मग बॅटरी उतरायला लागली आणि जनरेटर काही सुरू होईना. तेव्हा मी त्या ठिपक्याची माहिती उघडून पाहिली. बटण सकाळीच 'ऑफ'वर गेलं होतं आणि पुन्हा ऑटोवर आलंच नव्हतं.

मी अण्णाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. अण्णाचा फोन बंद हे मी कधी ऐकलं नव्हतं. वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सकाळीच गेलेत ड्यूटीवर. एक पिशवी पण नेलीय मोठी."  अपघात झाला असेल, असंच मला वाटलं. होसकोटेहून दुसरा माणूस पाठवला, पण रस्त्यावर सजवलेले ट्रक, मिरवणुका आणि सगळीकडं कोंडी. तो निम्म्या वाटेवर असताना ठिपका लाल झाला. टॉवर बंद. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतके लाल ठिपके पाहिले, पण त्याच्याकडं बघून मी देवाचं नाव घेतलं ते त्या एकाच वेळी.

टेकडीवर काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. अण्णानं पिशवीतून अप्पांची हत्यारं नेली होती. घरात पूजा नाही चालत ना, मग जिथं घर नाही तिथं करू, असा त्याचा हिशेब. टॉवरच्या कुंपणात, जनरेटरशेजारी त्यानं ती मांडली, हळदकुंकू वाहिलं, कोहळा फोडला, आणि अप्पा करायचे तसं जनरेटरला दिवसभरासाठी निजवलं. फोन सुद्धा आयुधच, म्हणून तोही बंद करून पाटावर ठेवला. त्यानं विचार केला नव्हता असं नाही. सणामुळं होसकोटेच्या सगळ्या कारखान्यांना सुट्टी, तारांवर भार नाही, अशा दिवशी लाइन कशाला जाईल? संध्याकाळी दिवा लावायच्या आत वर येऊन बटण ऑटोवर करायचं, असं त्यानं ठरवलं होतं. मग तो खाली गावातल्या देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसला. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच आपण मोकळेपणानं रडलो, असं तो नंतर म्हणाला.

तो बसला असतानाच गावात आरडाओरडा झाला. एका घरातल्या म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं होतं. पोरं हातात मोबाइल वर धरून इकडून तिकडं धावत होती. "सिग्नल इल्ला, सिग्नल इल्ला," ओरडत होती. अॅम्ब्युलन्सला सिग्नलअभावी फोन लागेना. शेवटी एक मालवाहू रिक्षा मिळाली. अण्णानं इतरांबरोबर म्हाताऱ्याला उचललं आणि गोणपाटावर निजवलं. रिक्षा वळणाआड गेली, आणि मग त्याच्या डोक्यात पोरांचे शब्द शिरले. सिग्नल इल्ला. त्यानं टेकडीकडं पाहिलं आणि पळत सुटला.

माझ्यासमोर लाल ठिपका हिरवा झाला. पाठोपाठ फोन वाजला. अण्णाच होता, धापा टाकत. तो जिवंत आहे याचाच मला इतका आनंद झाला की मी बाकी सगळं विसरले.

"अण्णा, कुठं होतास रे? बरा आहेस ना?"

"मी बंद केलं होतं," तो म्हणाला.

माझ्या ध्यानात आलं. हा फोन रेकॉर्ड होत होता. "अण्णा, थांब. माझ्या मोबाइलवर कर. आत्ता ठेव हा फोन."

"नको. इथंच सांगतो. बटण मीच ऑफ केलं होतं. विसरलो नाही. मुद्दाम केलं होतं. खाली एक म्हातारा माणूस आहे, त्याला होसकोटेला नेलंय, त्याचं काय झालं तेवढं बघ."

म्हातारा वाचला. मी स्वतः चौकशी केली. आणि कंत्राटदारही, खरं सांगायचं तर, माणसासारखा वागला. सणाचा दिवस, बापाचं वर्ष, आजवर एकही तक्रार नाही. पुन्हा असं होणार नाही एवढं लिहून द्या आणि कामाला लागा, म्हणाला. मला वाटलं, सुटलो. मी मिठाई घेऊन अण्णाकडं गेले. तो म्हणाला, "मी नाही जात आता."

मी चिडले. मी चिडले की मला तोंड आवरत नाही. म्हटलं, तुझी चूक झाली, तू कबूल केलीस, माणूस वाचला, सगळ्यांनी माफ केलं, आता हा कसला ताठा? त्यानं मिठाईचा पुडा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "ताठा नाही गं. त्या बटणावर आता हात ठेवता येईना की. ठेवला की ते गोणपाट दिसतंय." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला मानेनंच गप्प राहायला सांगितलं.

अण्णा आता एका मोठ्या सोसायटीत लिफ्टकडं बघतो. म्हणजे लिफ्ट अडकली तर दुसऱ्यांना फोन करतो. स्वतः उघडत नाही. त्याचे हात स्वच्छ असतात, नखांत तेल नसतं, आणि त्याच्या हातांकडं बघायला मला आवडत नाही.

त्यानंतर मी एक गोष्ट करून घेतली, आणि ती चांगली गोष्ट आहे, हे मला माहीत आहे. पूजेला बंदी घालायला निघालेल्या साहेबांना मी सांगितलं, बंदी घालाल तर माणसं चोरून करतील. त्यापेक्षा त्यांना विचारू द्या. आता खंडेनवमीच्या आधी तंत्रज्ञ फोन करून वेळ मागून घेतात. त्यांच्या त्या वेळेत आमच्याकडं एक माणूस त्यांचाच ठिपका बघत बसतो, आणि पूजा संपूनही बटण ऑटोवर आलं नाही तर पिवळा लगेच लाल होतो. कुणाला दिवसभर विश्रांती द्यायची असेल, तर होसकोटेच्या डेपोतला चाकांवरचा जनरेटर तिथं नेऊन उभा करतात. हा जनरेटर त्या दिवशीही डेपोत होता. गळ्यात हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून, दिवसभर रिकामा उभा होता. एक फोन, आणि तो टेकडीवर गेला असता. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. नव्या रीतीपासून आमच्या भागात सणाच्या दिवशी एकही टॉवर बंद पडलेला नाही. साहेबांनी माझं कौतुक केलं. माझ्या नावानं टाळ्या वाजल्या तेव्हा मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

अप्पांचं वर्ष झाल्यावर पुढच्या दसऱ्याला मी अण्णाकडं जेवायला गेले. जेवण झालं, वहिनी आत गेल्या, आणि मी त्याला नव्या रीतीबद्दल सांगितलं. मनात आशा होती, की हे ऐकून तो परत येईल. तो लक्ष देऊन ऐकत होता. चाकांवरच्या जनरेटरचं ऐकून तर तो हसला सुद्धा.

"चांगलं केलंस," म्हणाला. "पोरांना बरं होईल."

मला राहवलं नाही. "मला का नाही विचारलंस, अण्णा? मी तिथंच बसले होते. एक फोन करायचास. मी पाठवला असता जनरेटर."

त्यानं माझ्याकडं सरळ पाहिलं. "खरं सांग," म्हणाला. "मी फोन करून म्हटलं असतं, अप्पांसाठी एक दिवस टॉवरचा जनरेटर निजवायचा आहे, तर तू काय म्हणाली असतीस?"

पाठवला असता म्हणून मी आत्ताच सांगितलं होतं. पण तो बघत होता, आणि अण्णासमोर मला खोटं बोलता येत नाही. वर्षात पूजा? टॉवर बंद? वेडा झालास काय? माझे शब्द मलाच ऐकू आले.

"नाही म्हटलं असतं," मी म्हणाले.

"तेच की. आणि मग जन्मभर मनाला लावून घेतलं असतंस, अप्पांच्या पहिल्या वर्षी अण्णाला नाही म्हटलं म्हणून. ते ओझं तुला कशाला? म्हणून नाही विचारलं."

हे त्यानं इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मला राग सुद्धा धड येईना. तो उठून हात धुवायला गेला. मी तिथंच बसून राहिले. मला वाचवायला त्यानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं, आम्ही दोघं कडाकडा भांडलो असतो, त्यानं रुसून चार दिवस माझ्याशी अबोला धरला असता, आणि तो आजही त्या टेकडीवर असता.